नवा बंपर, डब्यातले बोल्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत बंपर उतरवलेल्या गाड्यांची रांग लागते. या दुरुस्तीच्या बिलात बंपर, रंग आणि मजुरी यांचे आकडे असतात, पण ज्या बोल्टांवर हे सगळे उभे राहते त्यांचा उल्लेख सहसा नसतो. नेहमीच्या विमा पॉलिसीत नट, बोल्ट, स्क्रू, वायसर या वस्तू ‘कन्झ्युमेबल’ (वापरून संपणाऱ्या) धरल्या जातात आणि त्यासाठी वेगळा ॲड-ऑन, म्हणजे जादा संरक्षण, घेतलेला नसेल तर त्यांचे पैसे मिळत नाहीत. साहजिकच, गंजलेला बोल्ट ब्रशने घासून पुन्हा लावला जातो किंवा कोपऱ्यातल्या डब्यातून जो बसेल तो काढला जातो. गाडीमालकांनी या बोल्टांचे माप आणि ग्रेड बिलावर लिहून मागावे, एवढ्यासाठी हे पत्र.

बाहेरून दिसणारा प्लॅस्टिकचा बंपर बहुतेक क्लिपांवर आणि ६ मिलिमीटरच्या बोल्ट-स्क्रूंवर बसतो. तेथे चूक झाली तर फार तर खडखडाट होतो किंवा बंपरचा कान (बोल्ट बसतो ती पट्टी) तुटतो. त्यामागे असलेली लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची आडवी बीम मात्र धडकेचा जोर चेसिसकडे नेते आणि ती बहुतेक गाड्यांत ८ किंवा १० मिलिमीटरच्या बोल्टांनी धरलेली असते. खरी काळजी या बोल्टांची घ्यायला हवी.

गॅरेजमध्ये बोल्ट मागितला जातो तो पान्याच्या मापाने: ‘बाराचा दे’, ‘चौदाचा दे’. हे माप डोक्याचे असते, आट्यांचे नव्हे. जपानी वळणाच्या गाड्यांत ८ मिलिमीटरच्या बोल्टाचे डोके बहुधा १२ चे असते, तर हार्डवेअरच्या दुकानातल्या त्याच बोल्टाचे १३ चे. तेथे फक्त पाना बदलतो. १० मिलिमीटरच्या बोल्टात मात्र घोटाळा होतो, कारण अशा गाड्यांत त्याचे आटे बहुधा १.२५ मिलिमीटर अंतराचे असतात आणि दुकानात सहज मिळणाऱ्या बोल्टाचे १.५ मिलिमीटरचे. हा परका बोल्ट हाताने एक-दोन फेरे जातो आणि अडतो. तेथेच थांबून तो बाहेर काढायला हवा. त्याऐवजी हवेची गन लावली जाते, बोल्ट आत जातो, आणि चेसिसच्या पोकळ भागात वेल्ड केलेल्या नटाचे आटे कायमचे मरतात. तो नट आतून सुटून बोल्टाबरोबर फिरू लागला, तर पत्र्याला खिडकी कापण्याची वेळ येते.

बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे कोरलेले असते, ती त्याची ग्रेड. ८.८ चा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसून तुटतो आणि त्याच्या ८० टक्के ताणाला, म्हणजे ६४० च्या आसपास, कायमचा लांबू लागतो. कोकणात गंजाच्या धास्तीने अनेक जण स्टेनलेसचा बोल्ट लावून घेतात. दुकानात मिळणारा ‘ए२-७०’ स्टेनलेस ४५० च्या आसपासच लांबू लागतो. शिवाय खाऱ्या हवेत तो ॲल्युमिनियमच्या बीमशी जोडला तर बीमच खाल्ली जाते. म्हणून झिंक चढवलेला, मूळ ग्रेडचा आणि मूळ लांबीचा बोल्ट घ्यावा. तो कंपनीच्या पार्ट-क्रमांकावरून मागवणे सर्वांत सोपे.

आवळण्याबाबतही ‘जेवढा घट्ट तेवढा चांगला’ हा समज सोडायला हवा. ८.८ ग्रेडच्या ८ मिलिमीटर बोल्टाला साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, पुरतो. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरावा आणि शेवटचा फेरा टॉर्क पान्याने द्यावा. आधी सगळे बोल्ट हाताने लावून, बंपर आणि बॉनेटमधली फट जुळवून, मगच आळीपाळीने आवळावेत. नायलॉनची कडी असलेला नट एकदा काढला की नवाच घालावा, कारण त्या कडीची पकड पहिल्यासारखी राहत नाही. आटे पक्के धरणारे निळे द्रव वापरायचे असेल तर तेल पुसलेल्या आट्यांवर दोन थेंब पुरे. ते हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेटवर गळू देऊ नये, त्याने प्लॅस्टिकला तडे जाऊ शकतात. (जुना बोल्ट काढण्यापूर्वी रात्रभर गंजनिवारक तेल सोडून ठेवणारे गॅरेज मला अजून तरी भरवशाचे वाटते.)

यात खर्च फारसा नाही. बंपर आणि रंगाच्या खर्चापुढे बीमच्या बोल्टांची किंमत नगण्य असते, आणि ॲड-ऑन नसला तरी ती खिशातून द्यायला कोणी नाही म्हणणार नाही. गॅरेजवाल्यांनी काढलेले बोल्ट पिशवीत घालून गाडीबरोबर परत द्यावेत आणि बिलावर ‘८ मिमी, ८.८, नवे’ अशी एक ओळ लिहावी. विमा कंपनीच्या सर्व्हेयरने दुरुस्तीनंतरच्या तपासणीत रंगाबरोबर ही ओळही पाहावी.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (मोटार मेकॅनिक), चिपळूण