बुवांनी वीणा दिली

घणसोली, नवी मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम रामकृष्णहरी.

आपल्या देवळाचा सप्ताह आणि दिंडी चालवणाऱ्या बुवांनी वीणा स्वतःच्या पोराला सोडून त्या माथाडी गड्याच्या गळ्यात का घातली, असं तू फोनवर विचारलंस. दोन वाक्यांत सांगण्याजोगी ही गोष्ट नाही, म्हणून पत्र.

सप्ताहात वीणा खाली टेकत नाही, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, हे तुला ठाऊकच आहे. या वेळी काल्याचं कीर्तन झालं आणि बुवांनी ती त्याच्या गळ्यात घातली. दोघं एकमेकांच्या पाया पडले. बुवा एवढंच म्हणाले, "पुढचा सप्ताह तू करायचास, दिंडीही तूच न्यायचीस." आणि ते टाळ घेऊन सरळ टाळकऱ्यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. मित्रा, मला रडू आवरेना. देणारे पुष्कळ असतात रे, पण दिल्यावर रांगेत उभा राहणारा मी पहिल्यांदाच पाहिला.

गावात कुरबुर झालीच. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 साली आली, पंच्याण्णव गावांच्या जमिनी गेल्या, मिठागरं गेली. उरलं एवढं देऊळ, तेही घाटावरच्या माणसाच्या हाती? जुन्या माणसांचं हे दुखणं खरं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण माउलींच्या पालखीला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचेच ना? त्यांना आळंदीने परकं मानलं नाही.

आणि रक्ताचं म्हणशील, तर निवृत्तिनाथ माउलींचे सख्खे थोरले भाऊ. तरी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी माउली घराणं सांगतात ते आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती असं, गुरूंचं. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेचंही तेच. जोग महाराजांनी ती 1917 साली काढली, 1920 साली देह ठेवला. पुढे ती बंकटस्वामी, मामा दांडेकर अशा शिष्यांनी वाढवली.

त्या माथाडी गड्याचं म्हणशील, तर पहाटे कांदा-बटाटा मार्केटला गोण्या उतरवून संध्याकाळी हरिपाठाला तो हजर. सप्ताहात रात्री दोनचा वीणेचा पहारा कुणालाच नको असतो, तो मागून घ्यायचा. 2020 साली देवळं बंद झाली, माउलींच्या पादुकासुद्धा एसटीने पंढरीला गेल्या, तेव्हा बुवांच्या ओटीवर ते दोघंच हरिपाठ म्हणायचे. बुवांनी त्याला चाली शिकवल्या, ज्ञानेश्वरी शिकवली. पण त्याहून अवघड गोष्टीही शिकवल्या: वर्गणीचा हिशेब सगळ्यांसमोर वाचायचा, रुसलेल्या टाळकऱ्याच्या घरी आपण जायचं, कीर्तनकार महाराजांच्या मानपानात पंगतीतला शेवटचा माणूस उपाशी राहू द्यायचा नाही. हे सगळं त्याने वीणा मिळण्याची आशा न धरता केलं. माझ्या लेखी निष्ठा ती हीच.

बुवांच्या मुलाचं काय, हे तू विचारशीलच. त्या दिवशी पखवाजावर तोच होता, आणि नव्या वीणेकऱ्याचा पहिला अभंग त्याने असा काही वाजवला की कुरबुरणारेही डोलायला लागले. गळा त्याचा गोड आहे, पण पंगत, हिशेब, रुसवेफुगवे यांत त्याचं मन रमत नाही. बापाने हे ओळखलं, मुलाने मानलं. घरात कडवटपणा नाही.

आता एक काम. बुवांची चालींची वही तुझ्याबरोबर नागपूरला गेली आहे. तिच्यातल्या गवळणींच्या चाली नव्या वीणेकऱ्याला अजून बसवायच्या आहेत, आणि बुवांचा आवाज आता फार वेळ टिकत नाही. आषाढीच्या आत कुरिअरने पाठव. स्वतः घेऊन आलास तर फारच बरं, उतरायला माझं घर आहेच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र