जुन्या फोटोंखाली दोन ओळी जास्त छापा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत जुन्या काळचे फोटो येतात ते मी आवडीने बघतो, रस्त्यात खेळणारी मुलं, कारखान्यातल्या बायका, खंदकात बसून चहा पिणारे सैनिक वगैरे. पण एक तक्रार आहे. फोटोखाली ओळ काय असते, तर 'युद्धकाळातील एक क्षण'. अहो पण कुठलं युद्ध, कोणतं साल, फोटो काढला कोणी आणि मुख्य म्हणजे कोणासाठी? यातलं काहीच नसतं.

लंडनच्या दूधवाल्याचा फोटो घ्या, कधी ना कधी सगळ्यांनीच पाहिलाय तो. ऑक्टोबर १९४०, जर्मन विमानं रोज रात्री बॉम्ब टाकतायत, रस्ताभर विटांचा ढीग, आणि त्यातून पांढरा कोट घातलेला एक माणूस दुधाच्या बाटल्या घेऊन निवांत चाललाय जसं काही झालंच नाही. फोटो काढणारा फ्रेड मोर्ली. आता गंमत अशी की पडझडीचे फोटो छापले तर लोकांचा धीर सुटेल म्हणून सेन्सॉर असले फोटो अडवायचा, तेव्हा मोर्लीने डोकं चालवलं, एका दूधवाल्याचा कोट आणि बाटल्यांचा क्रेट मागून घेतला आणि स्वतःच्या असिस्टंटला त्या ढिगाऱ्यातून चालायला लावलं असं सांगतात. म्हणजे दूधवाला खोटा! पण त्याच्या मागे पाण्याचे पाइप धरून उभे असलेले आगवाले बघा ना, ते खरे आहेत, पडलेली घरं खरी आहेत आणि सेन्सॉरची भीती तर सगळ्यात खरी. मला तर हे कळल्यावर तो फोटो जास्तच आवडायला लागला. 'लंडनवासीयांची जिद्द' एवढीच ओळ टाकली तर वाचकाला यातलं काय मिळणार?

आणि हे एकट्या मोर्लीचं नाही. १८५७ च्या उठावात लखनौच्या सिकंदर बागेत लढाई झाली, फोटोग्राफर फेलिचे बिआतो तिथे पोचला १८५८ मध्ये, आणि त्याच्या फोटोत अंगणभर जी हाडं दिसतात ती फोटोसाठी मुद्दाम मांडली होती असं बरेच अभ्यासक मानतात. २ मे १९४५ ला बर्लिनच्या राइशस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवर, सोव्हिएत सैनिक लाल झेंडा लावतानाचा येवगेनी खाल्देई या सोव्हिएत फोटोग्राफरचा फोटो तर सगळ्यांना माहीत आहे, तो झेंडा त्याने लाल टेबलक्लॉथपासून शिवून घेऊन सोबत नेला होता, आणि एका सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं दिसत होती, लूट केली असं लोक म्हणतील म्हणून एक खरवडून काढलं, वर धूरही वाढवला. १९४५ मध्येच जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकन सैनिक झेंडा उभारतायत तो फोटो खोटा नाही, पण त्या दिवशीचा तो दुसरा झेंडा होता आणि फोटोतले सैनिक नेमके कोण ही चूक २०१६ आणि २०१९ मध्ये सुधारावी लागली. सत्तर वर्षं झाली तरी नावं चुकीची चालू शकतात, मग आपण तर नाव छापतच नाही!

दुसरी गोष्ट रंगांची. हल्ली तुम्ही कॉम्प्युटरने रंगवलेले फोटो छापता आणि तसं कुठे लिहीतही नाही. फोटो ज्यावर उमटायचा त्या जुन्या काचेच्या प्लेटांना लाल रंग धड दिसायचाच नाही, तो काळा पडायचा, आणि निळा जवळजवळ पांढरा, म्हणून तर त्या फोटोंमधलं आकाश नेहमी कोरं असतं. म्हणजे करड्या छटेवरून मुलीचा फ्रॉक कोणत्या रंगाचा होता हे सांगता येत नाही, तो निळा केला तो कोणीतरी अंदाजाने. खरे रंग बघायचे तर रशियन फोटोग्राफर प्रोकुदिन-गोर्स्कीचे क्रांतीपूर्वीच्या रशियाचे फोटो छापा की, त्याने लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन वेगळे फोटो घेऊन रंग जमवलेत, खेड्यातल्या बायका, कामगार, काय एकेक फोटो आहेत!

आणि प्लीज फोटो कापू नका, रोजचं जगणं बहुतेक कडेलाच असतं. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो काढला, एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे चालणारी माणसं, घोडागाड्या सगळं गायब, फक्त बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस जागेवर उभा होता म्हणून तेवढा उमटला. तो खाली डाव्या कोपऱ्यात आहे. तुमच्या पानाच्या मापात बसवायला कोणी तो कोपरा उडवला तर रस्ता रिकामाच दिसायचा.

तेव्हा विनंती एवढीच, प्रत्येक फोटोखाली साल, ठिकाण, फोटोग्राफर आणि तो पोझ देऊन काढलेला किंवा नंतर रंगवलेला असेल तर तसं स्पष्ट लिहा. माहिती नसेल तर 'माहिती उपलब्ध नाही' छापा, त्यात कमीपणा नाही. जागा पुरत नसेल तर सहा फोटोंऐवजी तीनच टाका, आम्हाला चालेल.

आपला,
एक नियमित वाचक