रुग्णवाहिकेचे भाडे निघण्याआधी कळायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रत्नागिरीतल्या एखाद्या रोग्याची तब्येत बिघडली आणि डॉक्टरांनी ‘कोल्हापूरला हलवा’ म्हणून सांगितले, की घरातली माणसे आधी पैशांची जुळवाजुळव करायला लागतात. आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचे म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. त्याचे भाडे किती व्हायला हवे, हे त्या घटकेला कोणालाच सांगता येत नाही. गाडीवाला म्हणेल ती पूर्वदिशा. मी एसटीच्या हिशेब शाखेतून निवृत्त झालो. किलोमीटर, डिझेल आणि पावती यांतच माझी नोकरी गेली, त्यामुळे हा प्रकार मला स्वस्थ बसू देत नाही.

मोफत सेवा आपल्याकडे आहे आणि ती चांगली आहे. १०८ची सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ गाड्या प्रगत उपचारांच्या, बाकीच्या ७०४ प्राथमिक जीवरक्षणाच्या. या गाडीला एक पैसाही द्यायचा नसतो. गरोदर बाई, बाळंतीण आणि आजारी तान्हे बाळ यांच्यासाठी १०२ आहे. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून सरकारी दवाखान्यात, तिथून गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयात आणि बरे झाल्यावर परत घरी, हा सगळा प्रवास मोफत आहे. राष्ट्रीय महामार्गावर अपघात झाला तर १०३३ लावावा. हे तीन नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत.

पण अडचण येते ती दूरच्या शहरातल्या ठरावीक खासगी रुग्णालयात जायचे असते तेव्हा, किंवा मोफत गाडी दुसऱ्या रोग्याला घेऊन गेलेली असते तेव्हा. मग खासगी गाडी बोलवावी लागते.

त्या भाड्यात काय काय असते, ते नीट पाहिले पाहिजे. गाडीमालकाची बाजूही त्यात आहे. कोल्हापूरला रोगी सोडून गाडी रिकामी परत येते, म्हणजे डिझेल जवळजवळ पावणेतीनशे किलोमीटरचे जळते. रात्री-बेरात्री निघायला चालक तयार ठेवायचा, त्याचा पगार. ऑक्सिजनचे सिलिंडर. आणि गाडी चार दिवस दारात उभी राहिली तरी विमा आणि कर्जाचा हप्ता चुकत नाही. हा खर्च खरा आहे आणि तो मिळायलाच हवा. माझे म्हणणे एवढेच की परतीचे किलोमीटर धरले आहेत की नाहीत, ते निघण्यापूर्वी सांगा. पुष्कळ भांडणे याच एका गोष्टीवरून होतात.

दुसरा मुद्दा गाडीच्या प्रकाराचा. रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ हे मानक आहे आणि त्यात गाड्यांचे चार प्रकार केलेले आहेत. नुसती रोगी-वाहतुकीची गाडी वेगळी, प्राथमिक जीवरक्षणाची वेगळी आणि प्रगत उपचारांची वेगळी. लोक या शेवटच्या गाडीला ‘कार्डियाक’ म्हणतात. तिच्यात व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि ते चालवणारा जाणकार माणूस असतो, म्हणून तिचे भाडे जास्त. पण स्ट्रेचर आणि एक सिलिंडर एवढ्यावरच ‘कार्डियाक’चे भाडे कोणी मागत असेल, तर ती फसवणूक आहे. ज्याच्या बापाला धाप लागली आहे, तो माणूस गाडीत शिरून यंत्रे मोजत बसणार नाही. ते काम आधीच कोणीतरी करून ठेवलेले असले पाहिजे.

भाड्यात काय येऊ नये, हेही ठाऊक असावे. राष्ट्रीय महामार्गावर रुग्णवाहिकेला टोल नाही. रोग्याला रुग्णवाहिकेतून नेण्याच्या सेवेवर जीएसटी नाही. या दोन्ही नावांखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

माझ्या धाकट्या भावाच्या सासऱ्यांना गेल्या पावसाळ्यात असेच हलवावे लागले. चौदा हजार रुपये रोख मोजले. हातात मिळाली ती कागदाची चिठ्ठी. तिच्यावर गाडीचा नंबर नाही, किलोमीटर नाहीत, तारीखसुद्धा नाही. विमा कंपनीने ती चिठ्ठी नाकारली. धड पावती असती तरी पूर्ण रक्कम मिळाली नसतीच, कारण बऱ्याच पॉलिसींत रुग्णवाहिकेला मर्यादा असते. आरोग्य संजीवनी या सर्व कंपन्यांकडे मिळणाऱ्या प्रमाणित पॉलिसीत ही मर्यादा एका वेळच्या भरतीमागे दोन हजार रुपये ठेवलेली आहे. महात्मा जोतिराव फुले योजनेत उपचार मोफत, पण प्रवासखर्चाची तरतूद आहे ती बरे होऊन घरी परतण्यासाठी, एसटीच्या किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या भाड्याइतकी. रोगी नेण्याचा मोठा खर्च कुटुंबाच्याच खिशातून जातो, हे लोकांना आधी माहीत नसते.

दर ठरवणे अशक्य आहे, असेही नाही. कोविडच्या काळात, ११ सप्टेंबर २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरवण्यास सांगितले होते. प्रादेशिक परिवहन प्राधिकरणांनी त्या वर्षी गाडीच्या प्रकाराप्रमाणे दरपत्रकेही काढली. पहिल्या काही अंतरासाठी ठोक रक्कम आणि पुढे किलोमीटरमागे दर, अशी ती रचना कोणालाही समजेल अशी आहे. पण असे पत्रक रोग्याच्या नातेवाइकाच्या नजरेस कुठे पडते? एसटीत दहा रुपयांच्या प्रवासालाही कंडक्टर तिकीट फाडतो. रुग्णवाहिकेत हजारो रुपये देऊन काही मिळत नाही, हे मला मान्य होत नाही.

माझी मागणी परिवहन विभाग आणि जिल्हाधिकारी या दोघांकडे आहे. चालू दरपत्रक मराठीत, ठळक अक्षरांत प्रत्येक रुग्णवाहिकेच्या आत आणि प्रत्येक रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेर लावावे. गाडीचा प्रकारही दारावर लिहावा. गाडीचा नंबर, निघाल्याची वेळ, किलोमीटर आणि रक्कम असलेली पावती दिल्याशिवाय पैसे घेता येऊ नयेत. तक्रारीचा फोन नंबर त्याच पत्रकावर असावा आणि तो रात्रीही उचलला जावा, कारण रोगी बहुतेक वेळा रात्रीच हलवावा लागतो.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. परिवहन कार्यालयाकडून रत्नागिरी आणि कोल्हापूर या दोन्ही जिल्ह्यांचे सध्या लागू असलेले दर मागवून ते आपण छापावेत. त्याचे कात्रण आमच्या सोसायटीच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावर लावायची जबाबदारी मी घेतो.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
रत्नागिरी