चांदूला जत्रेला बोलवायचं का?

फोंडा,
चवथीच्या आधीचा रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, तुझ्या गुडघ्याचं तेल शेजारच्या काकांकडे दिलं आहे, ते गुरुवारी पेडण्याला येतील. बाबांच्या कानातल्या यंत्राचे सेलही त्याच पिशवीत आहेत. फोनवर बाबांना अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतःच्या मनाने सांगतेस, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. एक काम आहे. ते पत्राच्या शेवटी येईल, मध्येच चष्मा काढून ठेवू नका.

इथल्या एका सभागृहात बोलक्या बाहुल्यांचा कार्यक्रम लागला होता. चार आठवडे, दर शनिवारी-रविवारी, तिकीट लावून. कलाकार डिचोलीकडचा, पन्नाशीचा. एरवी शाळांच्या स्नेहसंमेलनांत कार्यक्रम करणारा माणूस, पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर असा मोठा बेत. आम्ही दुसऱ्या रविवारी गेलो तर दारावर कागद चिकटवलेला: आजचा प्रयोग शेवटचा. तिकिटं खपत नाहीत म्हणून संयोजकांनी पुढचे सगळे प्रयोग रद्द केले होते. आत पुढच्या पाच-सहा रांगा भरलेल्या, मागे नुसत्या खुर्च्या.

रामदास पाध्यांचा अर्धवटराव तुम्हाला आठवत असेल. टीव्हीवर तो आला की बाबा पेटीचा भाता सोडून बघत बसायचे. पाध्यांना तो वडिलांकडून, यशवंत पाध्यांकडून आलेला. म्हणजे बाहुला मालकापेक्षा वयाने मोठा. तुमच्या नातवाला मात्र फक्त तात्या विंचू माहीत. तोही पाध्यांच्याच हातचा, 1993 च्या ‘झपाटलेला’साठी केलेला. त्यामुळे स्वारी पहिली दहा मिनिटं माझ्या पदरामागून बघत होती.

या कलाकाराचा बाहुला म्हणजे चांदू. ग्रामसभेत दर वेळी उठून उभा राहणारा म्हातारा. टक्कल, कानावर पेन्सिल, हातात कुठलातरी अर्ज. पंच येवो नाहीतर आमदार, चांदूचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘गटार कधी?’

बाबा, तुमच्यासाठी थोडं आतलं सांगते. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. म्हणून ही मंडळी ‘ब’च्या जागी ‘ड’ किंवा ‘ग’सारखं काहीतरी काढतात, ‘म’च्या जागी ‘न’, आणि वाक्य इतक्या झपाट्याने पुढे नेतात की चूक आपला कानच दुरुस्त करून घेतो. कित्येक जण असे शब्दच टाळतात. या गृहस्थाने चांदूला म्हापशाच्या बाजारात मानकुराद आंब्यांची घासाघीस करायला पाठवलं! प्रत्येक शब्दात ओठांशी गाठ. मी दुसऱ्या रांगेत होते, मुद्दाम त्याच्या तोंडाकडेच बघत होते. ओठ किंचित विलग, चेहऱ्यावर कंटाळलेल्या भाच्याचा भाव, आणि सदऱ्याच्या कॉलरवर कंठमणी तेवढा खालीवर पळत होता. आवाज दुसरीकडे फेकणं वगैरे काही नसतं. आवाज त्याच्याच गळ्यातला, पण हलणारा जबडा चांदूचा दिसतो म्हणून आपल्याला तो तिथून आल्यासारखा वाटतो. सिनेमागृहात भोंगे भिंतींवर असले तरी बोलतो तो पडद्यावरचा माणूसच ना, तसंच.

बाबा, तुम्ही हल्ली ओठ बघून बोलणं ओळखता. इथे माणसाचे ओठ हलत नाहीत आणि बाहुल्याचा जबडा नुसता वरखाली होतो, तेव्हा तुम्हाला दोघंही मुके वाटायचे. सेल जपून वापरा, ते कशाला ते पुढे येईलच.

पडदा पडल्यावर पंधरा-वीस जण रंगपटात गेलो. तो चांदूला गुंडाळत होता. आधी जबडा वर दाबून त्यावरून डोक्याभोवती नाडी बांधली, प्रवासात दातावर दात आपटून रंग उडू नये म्हणून. मग जुन्या लुंगीचं मऊ झालेलं कापड डोक्याला. डोळ्यांवरून घेताना मात्र त्याने आधी चांदूच्या पापण्या मिटल्या. तेवढ्यासाठी पाठीतल्या भोकातून हात घालून कळ ओढावी लागते, ती त्याने ओढली. मग बॅग बंद केली.

आणि आमचं सांत्वन सुरू झालं. एक निवृत्त मास्तर म्हणाले, लोकांना कलेची कदर राहिली नाही. एक बाई म्हणाल्या, पाऊस नसता तर सभागृह फुल्ल झालं असतं. एकाने मोबाईलला शिव्या घातल्या आणि त्याच मोबाईलवर सेल्फी काढला. एका गृहस्थांनी तर स्वतःचं दुकान कसं बंद करावं लागलं तेच सगळं सांगितलं. तो बिचारा उभ्या उभ्या मान डोलावत होता आणि ‘असतं हो, चालायचंच’ म्हणत होता. कोण कोणाची समजूत काढतंय तेच कळेना. आई, आजोबा गेले तेव्हा भेटायला आलेल्यांना तूच चहा करून पाजत होतीस, तसला प्रकार.

त्यातल्या त्यात बरं बोलला तो एक कॉलेजातला मुलगा. म्हणाला, अमेरिकेत जे जॉन्सन म्हणून असाच शब्दभ्रमकार आहे. ‘द टू अँड ओन्ली’ नावाचा त्याचा एकट्याचा कार्यक्रम 2006 मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर लागला, 28 सप्टेंबरला सुरू आणि 26 नोव्हेंबरला बंद. दोन महिनेही पुरते नाहीत. आणि पुढच्या वर्षी त्याच बंद पडलेल्या कार्यक्रमाला टोनी मिळाला.

तेवढ्यात बंद बॅगेतून घुसमटलेला आवाज: ‘कोण टोनी? मडगांवचो?’

सगळे खो खो हसले. नातवाने धावत जाऊन बॅगेला कान लावला. तो टोनी म्हणजे तिकडच्या नाटकांचं मोठं बक्षीस, हे त्या मुलाने मागाहून मला सांगितलं. कलाकारही हसला, पण हात बॅगेच्या पट्ट्याशीच खेळत होते. ब्रॉडवे कुठे आणि डिचोली कुठे! आणि बक्षीस मिळालं तरी बंद पडलेला कार्यक्रम बंदच राहिला होता ना.

मग मागे उभा असलेला एक माणूस पुढे आला. सत्तरी तालुक्यातल्या कुठल्याशा देवस्थान समितीचा. धोतर, वर शर्ट, काखेत ओली छत्री. वाईट वाटलं वगैरे एक शब्द नाही. म्हणाला, ‘आमचा कालो, देवळातला उत्सव, मार्गशीर्षात. तुम्ही मोकळे आहात? आणि लायटी किती लागतात? आमच्याकडे मंडपात दोनच आहेत.’

कलाकाराने बॅग उघडली. कापड सोडलं, नाडी सोडली, चांदूला गुडघ्यावर बसवला आणि दाखवायला लागला: एक दिवा वरून आला तर टकलावर चकाकी येते आणि जबड्याखाली काळोख होतो, म्हणून दोन्ही बाजूंनी तिरके हवेत. माईक एकच पुरे, पण उभ्या दांड्याचा, कारण दोन्ही हात अडकलेले असतात. आम्ही एवढ्या जणांनी मिळून जे जमवलं नाही ते त्या माणसाने लायटी विचारून केलं. चांदूनेही लगेच सांगून टाकलं, ‘जेवणात खतखतें असेल तर येतो.’

आता तिकिटं का खपली नाहीत, तर मला पावसाचं कारण पटत नाही. मुंबईचं नाटक आलं की भर पावसात आपण जातो. कोंकणी तियात्रांच्या नाटकांनाही माणसं तिकीट काढून जातात. पण बाहुल्या म्हटलं की आपल्याकडे तो मुलांचा खेळ, आणि मुलांच्या खेळाला पैसे मोजायचे हे कुणाला पटत नाही. शिवाय चवथ तोंडावर, गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाचे भाव काय झालेत ते बाजारात बघतेच आहे.

तर काम असं. आपली जत्रा पौषात आहे. चवथ झाली की समितीची बैठक होईल आणि पोरं पुन्हा ऑर्केस्ट्रा मागतील. बाबा, तुम्ही चांदूचं नाव घाला. पालखी आत गेल्यापासून नाटकाचा पडदा उघडेपर्यंत तास-सव्वा तास लोक खाजें खात नुसते बसून असतात. एकाची दाढी चिकटत नाही, दुसऱ्याचा मुकुट सापडत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? त्या वेळात त्याचं चाळीस मिनिटांचं काम आरामात बसतं. उघड्यावर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद, ही कटकट नाटकाला आहे, त्याला नाही. त्याचं आधीच आटपतं. फक्त रंगमंचाच्या बाजूला आणि मागे चढून बसणाऱ्या पोरांना खाली उतरवावं लागेल, तिथून त्याचा पाठीतला हात दिसतो.

दयेपोटी बोलवा असं म्हणत नाही. काम चोख आहे. मला पटलं नसतं तर तुम्हाला समितीसमोर तोंडघशी पाडलं असतं का?

मानधन अजून त्याने सांगितलेलं नाही. गाडीभाडं वेगळं पडेल. आई, त्या रात्री त्याचं जेवण आपल्याकडेच. मासे चालतात का ते विचारून कळवते. चवथीला आम्ही आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचतो. बाबा, बैठकीची तारीख ठरली की आईला व्हॉट्सअ‍ॅप करायला सांगा, पण तिला तारीख कागदावर लिहून द्या. पौषातले दोन दिवस त्याने आपल्यासाठी धरून ठेवले आहेत, दिवाळीपर्यंतच.

तुमची,
बाय