व्हेर्दीने बिदागी कशी मागितली

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

मालिकेच्या संगीताचा करार तू परवा फोनवर वाचून दाखवलास आणि पैशांचा विषय निघताच म्हणालीस, ‘पहिलंच मोठं काम आहे आई, घासाघीस केली तर हावरट दिसेन.’ उभी नोकरी बँकेत काढलेल्या बाईला यावर बरंच बोलायचं असतं, ते फोनवर मावत नाही. म्हणून हे पत्र. तू माझ्यापेक्षा व्हेर्दीचं, तुझ्या त्या इटालियन ऑपेरा-संगीतकाराचं, जास्त ऐकशील हे मला ठाऊक आहे. बारावीचा अर्धा अभ्यास तू त्याचं ‘रेक्विएम’ कानात घालूनच केलास. त्याच्या सुरांबद्दल मी तुला काय सांगणार? मी त्याच्या व्यवहाराबद्दल सांगते.

जुझेप्पे व्हेर्दी 1813 साली इटलीत, पार्मा शहराच्या परिसरातल्या ले रोंकोले या खेड्यात जन्मला. वडिलांची छोटी खानावळ आणि किराणा. शेजारच्या बुसेतो गावातल्या अंतोनियो बारेझ्झी या व्यापाऱ्याने त्याच्या शिक्षणाला हातभार लावला आणि पुढे आपली मुलगीही दिली. मिलानच्या कॉन्झर्वेटरीने 1832 मध्ये त्याला प्रवेश नाकारला आणि आज तीच संस्था त्याचं नाव लावते, ही गोष्ट जो तो सांगतो, मी सोडून देते. पुढचे दिवस मात्र वाचवत नाहीत. 1838 ते 1840 या दोन वर्षांत आधी मुलगी, मग मुलगा, मग बायको मार्गेरिता गेली. अशा घरात बसून त्याला करारापोटी विनोदी ऑपेरा पुरा करायचा होता. तो मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात एकाच प्रयोगात कोसळला. व्हेर्दी सावरला तो 9 मार्च 1842 ला, ‘नाबुक्को’ या ऑपेराने.

आता नीट वाच. ‘नाबुक्को’ गाजल्यावर ला स्कालाचा व्यवस्थापक मेरेल्ली याने पुढच्या ऑपेराचा करार समोर ठेवला आणि रकमेची जागा कोरी सोडली. तू असतीस तर लाजून काहीतरी कमीच लिहिलं असतंस. व्हेर्दी जुझेप्पिना स्ट्रेपोनीकडे गेला. ‘नाबुक्को’तली मुख्य गायिका, रंगभूमीचे सगळे दर तोंडपाठ असलेली बाई. ती म्हणाली, संगीतकार बेल्लिनीला ‘नॉर्मा’ या ऑपेरासाठी जेवढे मिळाले तेवढे माग, जास्त नको. त्याने तेवढेच मागितले आणि मिळवले. (पुढे दोघं एकत्र राहिले, लग्न 1859 मध्ये केलं, बुसेतोने मधली वर्षं नाकं मुरडली. ते असो.)

त्या काळी तिथला धंदा असा चाले : नाट्यगृहाचा ठेकेदार संगीतकाराला एकरकमी पैसे देई आणि स्वरलिपीचं हस्तलिखित बहुतेक वेळा त्याच्याकडे नाहीतर प्रकाशकाकडे जाई. नंतर शंभर गावांत प्रयोग झाले तरी लिहिणाऱ्याच्या हाती काही नाही. त्यात नकलनवीस रात्रीतून चोरून प्रती काढत. इटली तेव्हा तुकड्यातुकड्यांत विभागलेली, त्यामुळे एका राज्यातला कायदा दुसऱ्यात चालत नसे. व्हेर्दीने रिकोर्दी या प्रकाशकाबरोबर हळूहळू वेगळी वाट पाडली. स्वरलिपी विकायची नाही, प्रयोगासाठी भाड्याने द्यायची आणि त्या भाड्यात संगीतकाराचा वाटा ठेवायचा. 1847 मध्ये तर त्याने अट घातली की जे नाट्यगृह त्याच्या संगीतात परस्पर कापाकापी करेल, त्याला एक हजार फ्रँक दंड. पैसा आणि कलेची अब्रू, दोन्ही एकाच कागदावर. 1870 च्या दशकात त्याच रिकोर्दीच्या हिशेबात आपल्याला कमी पैसे मिळाल्याचं लक्षात आलं, तेव्हा इतक्या जुन्या स्नेहाची भीड न ठेवता त्याने फरक वसूल केला. स्नेह राहिला. ‘ओतेल्लो’ आणि ‘फाल्स्ताफ’ हे पुढचे ऑपेरेही रिकोर्दीनेच छापले.

‘आयदा’ या ऑपेराच्या व्यवहाराचं तर मला फार कौतुक. इजिप्तच्या खेदिवाकडून, म्हणजे तिथल्या शासकाकडून, काम आलं. व्हेर्दीने दीड लाख फ्रँक सांगितले, स्वरलिपी हाती देताच पॅरिसला रोथशिल्ड बँकेत भरायचे. आणि एवढ्या पैशांत हक्क फक्त इजिप्तपुरता, उरलेलं जग त्याचं स्वतःचं. प्रयोग कैरोत 24 डिसेंबर 1871 ला झाला, कारण मधल्या फ्रान्स-प्रशिया युद्धात पॅरिसला वेढा पडला आणि तिथे तयार झालेले पडदे-पोशाख अडकून पडले.

त्यानंतरची एक गंमत. बेर्तानी नावाच्या गृहस्थाने पार्माला जाऊन ‘आयदा’ दोनदा पाहिला, आवडला नाही, म्हणून तिकीट, रेल्वे आणि जेवणाचा खर्च व्हेर्दीकडेच मागितला. व्हेर्दीने रिकोर्दीला पैसे द्यायला सांगितले, पण जेवणाचे कापून. तो घरी जेवू शकला असता! शिवाय यापुढे माझे नवे ऑपेरे पाहायला जाणार नाही, असं त्याच्याकडून लिहून घ्यायला लावलं. हे वाचून मला आमचे जुने रोखपाल आठवले.

तुझ्या त्या ‘हावरट’ शब्दाकडे येते. या माणसाने सांत’आगाताला शेती घेतली, ती स्वतः लक्ष घालून केली. 1888 मध्ये विलानोव्हाला रुग्णालय उघडलं. मिलानमध्ये म्हाताऱ्या, पैसा न उरलेल्या कलावंतांसाठी घर बांधलं आणि आपल्या संगीताचं उत्पन्न त्यालाच लावून दिलं. आपल्या सगळ्या कृतींत हीच आपल्याला सर्वांत आवडती, असं त्याने लिहून ठेवलंय. तो 1901 च्या जानेवारीत गेला, घर 1902 मध्ये उघडलं. आपण असेपर्यंत उघडायचं नाही, ही त्याचीच इच्छा. आजही तिथे म्हातारे गायक-वादक राहतात.

तुझ्या करारात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमचे’ असं कलम आहे. आपल्याकडे 2012 च्या कॉपीराइट कायदा दुरुस्तीनंतर चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रणातल्या संगीतावरच्या रॉयल्टीचा हक्क संगीतकाराला सहीने सोडून देता येत नाही. चित्रपटगृहातलं प्रदर्शन तेवढं वेगळं. मालिकेला हे कसं लागू पडतं ते वकिलाकडून पक्कं करून घे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, म्हणून ‘कायमचे’ खोडून ‘पाच वर्षे’ लिहायला सांग. रकमेचं विचारायचं तर आधी तुझ्या ओळखीत मालिकांचं संगीत केलेल्या दोघा-तिघांना गाठ, चालू दर काय ते काढ, मग आकडा सांग. आणि सांगितल्यावर गप्प बस. ‘पण तुम्ही म्हणाल तसं’ हे शेपूट जोडायचं नाही.

सही करण्याआधी पानांचे फोटो मला पाठव, सगळ्या पानांचे, मागची कोरी असली तरी. बाबा म्हणतात रविवारी ये, पण त्याआधी फोटो.

तुझी,
आई