लॅमिंग्टन रोडच्या ड्राइव्हवाल्या काकांना

सा. न. वि. वि.

काका, "माझं नाव कुठे टाकू नकोस" असं तुम्हीच बजावलंत, त्यामुळे नुसतं काका. वडिलांच्या नाट्यसंगीताच्या आणि अभंगांच्या सीडी संगणकावर फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलींत, उतरवायचं रखडलेलं काम मार्गी लागलं. तुमच्या काउंटरमागच्या, संगणकाच्या जुन्या सीडी ड्राइव्हच्या ढिगाशिवाय ते झालं नसतं, म्हणून हे जाहीर आभार.

"सगळ्यात फास्ट द्या" म्हणत मी आलो होतो. तुम्ही काही विकलंच नाहीत. तीन ड्राइव्ह पिशवीत घातलेत आणि सांगितलंत, "एकच सीडी, एकच सेटिंग, तिन्हीत लावून बघ. पहिल्या ट्रॅकचा स्पीड वेगळा लिही, शेवटच्याचा वेगळा." डिपॉझिटही घेतलं नाहीत. हल्ली असं कोण करतं!

तसं लिहून काढलं आणि ड्राइव्हच्या खोक्यावर छापलेल्या ५२ एक्स या वेगाचं गौडबंगाल उलगडलं. १ एक्स म्हणजे गाणं वाजायचा साधा वेग: सेकंदाला ७५ सेक्टर (सीडीवरच्या माहितीचे तुकडे), दर सेक्टरला २३५२ बाइट. खोक्यावरचा ५२ हा आकडा फक्त सीडीच्या बाहेरच्या कडेचा. तबकडी एकाच गतीने फिरते आणि गाणी आतून बाहेर लिहिलेली असतात, त्यामुळे पहिला ट्रॅक जेमतेम २२ एक्सने निघतो. त्यात वडिलांच्या कितीतरी सीडी जुन्या एलपीवरून काढलेल्या, चाळीसेक मिनिटांच्या. त्यांत बाहेरच्या कडेपर्यंत गाणंच पोचत नाही, मग ५२ दिसणार कुठून?

हे झालं धडधाकट सीडीचं. खरी गंमत ओरखडे पडलेल्या सीडीत होती. १९८० साली फिलिप्स आणि सोनीने ऑडिओ सीडीचं मानक ठरवलं, तेव्हा ती संगणकात वाचायची कल्पनाच नव्हती. डेटा सीडीत प्रत्येक सेक्टरला स्वतःचा नेमका पत्ता असतो आणि चूक दुरुस्त करायचा आणखी एक थर असतो. गाण्याच्या सीडीत दोन्ही नाहीत. पानांना आकडे नसलेली पोथीच ती. मध्येच थांबलेला जुना ड्राइव्ह पुन्हा वाचायला लागला की थोडा पुढेमागे सरकतो. मग सॉफ्टवेअर तोच भाग थोडा मागून वाचतं, सांधा जुळवतं आणि वेळ जातो.

तुमच्या तिघांपैकी सगळ्यात नवा, चकचकीत ड्राइव्ह बर्स्ट मोडमध्ये, म्हणजे न तपासता एकदाच वाचताना, सुसाट होता. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सीडी उतरवायच्या सॉफ्टवेअरचा सिक्युअर मोड, म्हणजे वाचलेलं ताडून बघणारा, लावला आणि तो ढेपाळला. दुसऱ्यांदा वाच म्हटलं की तो सीडीकडे न बघता कॅशमधलंच (आधी वाचून स्वतःच्या मेमरीत ठेवलेलंच) पुन्हा पुढे करायचा, आणि ती कॅश रिकामी करवून घेण्यात निम्मा वेळ जायचा. शिवाय एकदा ओरखड्याशी अडखळला की वेग खाली आणायचा आणि ट्रे उघडून बंद केल्याशिवाय परत वर चढायचाच नाही. अडेलतट्टू नुसता!

उलट तो पिवळा पडलेला ४० एक्सवाला. खडखड करतो, दिसायला कळकट, पण कुठले बाइट दुरुस्त झाले नाहीत हे सी२ एररमधून स्वतःच कळवतो, म्हणून प्रत्येक सेक्टर दोनदा वाचायची गरज नाही. ओरखड्यांच्या सीडीत त्याने बाकीच्या दोघांना मागे टाकलं. "सी२ सांगणारे सगळेच खरं सांगत नाहीत, आधी ताडून बघ" हा तुमचा इशाराही कामी आला. अ‍ॅक्युरेटरिपमध्ये, म्हणजे इतरांनी उतरवलेल्या कॉपींशी आपली कॉपी ताडून बघायच्या ऑनलाइन यादीत, वडिलांच्या बऱ्याच सीडींची नोंदच सापडली नाही, तेव्हा टेस्ट अँड कॉपी करून, म्हणजे ट्रॅक दोनदा वाचून, दोन्ही वेळचा सीआरसी (वाचलेल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळतोय का एवढाच आधार होता. जुळला. एका भैरवीतला तबला आधी मध्येच टिचकी मारल्यासारखा तुटायचा, तो आता सलग वाजतो. वडिलांना मी काही बोललो नव्हतो, त्यांनी ऐकलं आणि स्वतःच म्हणाले, "ही कॉपी चांगली आलीय."

बाकीचे दोन ड्राइव्ह परत आणतोय. ४० एक्सवाला मात्र ठेवून घेईन म्हणतो. त्याच्या ट्रेचा रबरी बेल्ट सैल झालाय, बटण दाबलं की अर्धाच बाहेर येतो. तुमच्या त्या डब्यात या मापाचा बेल्ट असला तर बाजूला काढून ठेवा. आणि या खेपेला ड्राइव्हचे आणि बेल्टचे, दोन्हींचे पैसे घ्यावेच लागतील.

आपला,
तीन ड्राइव्ह फुकट नेलेला गिऱ्हाईक