गुण वाढले म्हणून मुलाला कॉपीबहाद्दर ठरवल्याबद्दल तक्रार

विश्रामबाग, सांगली
दि. 20 मार्च 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
एमएचटी-सीईटी सराव परीक्षा विभाग

विषय: जानेवारीतल्या स्कॉलरशिप मॉकमध्ये माझ्या मुलावर ठेवलेला गैरप्रकाराचा ठपका आणि बंद केलेले खाते

महोदय / महोदया,

माझा मुलगा आपल्या कोचिंग क्लासच्या सांगली शाखेत बारावीच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) बॅचला आहे आणि इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीची तयारी करतो आहे. टेस्ट सिरीजसकट वर्षाची फी मी जूनमध्येच एकरकमी भरली. जानेवारीच्या स्कॉलरशिप मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, त्याला 200 पैकी 138 गुण पडले आणि तो शाखेत तिसरा आला. पहिल्या पाचांना फीमध्ये सवलत मिळेल असे आपण जाहीर केले होते. सवलत राहिली बाजूला. पुढच्याच आठवड्यात त्याचे नाव यादीतून गेले, ॲपवरचे खाते बंद झाले आणि शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गैरप्रकारामुळे अपात्र’ या मथळ्याखाली त्याचे पूर्ण नाव झळकले. त्या ग्रुपवर सगळी मुले आणि त्यांचे आईवडील आहेत. सांगली ती केवढी! दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात शेजारच्या पेढीवरच्या गृहस्थांनी मला विचारले, “काय वहिनी, पोरगं कॉपीत सापडलं म्हणं?”

कारण विचारल्यावर आपल्याकडून आलेला मेल दोन ओळींचा आहे. ऑगस्टच्या मॉकला 71, जानेवारीत 138, म्हणून ‘असामान्य गुणवाढ आढळल्याने प्रणालीने निकाल रद्द केला आहे, निर्णय अंतिम आहे.’ त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक मेलला हेच उत्तर आले, एक शब्दही न बदलता.

67 गुण वाढले हे खरे आहे. कसे वाढले ते आपण विचारले नाही, तरी सांगते.

ऑगस्टचा पेपर पूर्ण सिलॅबसवर होता. सीईटीत अकरावीवर साधारण 20 टक्के आणि बारावीवर 80 टक्के प्रश्न असतात. आपल्या शाखेत तोवर इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन, प्रोबॅबिलिटी यांना हातसुद्धा लागला नव्हता. सेमीकंडक्टर आणि निम्मी ऑरगॅनिक केमिस्ट्री दिवाळीनंतर झाली. पोर्शनचे वेळापत्रक आपणच छापून दिले आहे, ते काढून पाहावे. जे शिकवलेच नव्हते त्यात तो मागे पडला आणि शिकवल्यावर त्याला ते येऊ लागले. यात असामान्य काय आहे?

दुसरे कारण त्याच्या ऑगस्टच्या उत्तरांत दिसते. 150 पैकी 58 प्रश्न त्याने कोरे सोडले होते. आपल्या शाखेत जेईईची आणि सीईटीची मुले सुरुवातीला एकत्र बसतात आणि पेपर जेईईच्या पद्धतीचे असतात, बरोबरला 4 आणि चुकीला उणे 1. ‘खात्री नसेल तर सोडून द्या’ हे सरांनीच त्यांच्या अंगवळणी पाडले. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, हेही सरांनीच सांगितले, पण सप्टेंबरमध्ये. आता हिशेब करा. त्या 58 मध्ये 22 प्रश्न गणिताचे, म्हणजे दोन-दोन गुणांचे, आणि 36 फिजिक्स-केमिस्ट्रीचे, एकेका गुणाचे. एकूण 80 गुण. चार पर्यायांतला एक अंदाजपंचे निवडला तरी सरासरीने चौथा हिस्सा, म्हणजे 20 गुण पदरात पडतात. जानेवारीत त्याने एकही प्रश्न सोडला नाही. 67 मधले 20 तर इथेच फिटले. उरलेल्या 47 गुणांना चार-पाच महिन्यांचा अभ्यास पुरतो की नाही, ते आपल्या शिक्षकांना विचारा. शिकवले त्यांनीच.

मेलमध्ये नसलेले एक कारण शाखा व्यवस्थापकांनी तोंडी सांगितले. पेपर त्याने घरून, कॅमेरा लावून दिला होता. त्या कॅमेऱ्याने म्हणे ‘नजर वारंवार स्क्रीनबाहेर’ आणि ‘खोलीत दुसऱ्या व्यक्तीचा आवाज’ अशी नोंद केली आहे. नजर खाली जाणारच, आकडेमोडीचा कागद टेबलावर असतो. खऱ्या सीईटीतही मुले संगणकासमोर बसून रफ काम कागदावरच करतात. आवाज माझ्या सासूबाईंचा. गॅसवाला येऊन गेला का, असे त्या दारातून विचारत होत्या. त्यांनी नातवाला इंटिग्रेशन सांगितले असा आपला संशय असेल तर ते रेकॉर्डिंग जरूर ऐकवा, घरात सगळ्यांनाच ऐकायला आवडेल.

सांगली-मिरज रस्त्यावर आपला मोठा फ्लेक्स आहे. एका मुलीचा फोटो आणि खाली ‘64 वरून थेट 171!’ म्हणजे 107 गुणांची वाढ. त्या मुलीबद्दल मला तिळमात्र शंका नाही, तिचे कौतुकच आहे. पण 107 वाढले की ती आपल्या शिकवण्याची किमया आणि 67 वाढले की कॉपी, हे कोणत्या नियमाने? जाता जाता, कोचिंगच्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. यशस्वी विद्यार्थ्याच्या फोटोसोबत त्याने कोणता कोर्स केला, किती मुदतीचा, पैसे भरून की कसे, हे द्यायचे असते. आपल्या फ्लेक्सवर मला यातले काही दिसले नाही.

संशय घेऊच नका, असे माझे म्हणणे नाही. गेल्या वर्षी नीटच्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 पडले तेव्हा मीही चिडले होते. 1563 जणांचे ग्रेस गुण रद्द झाले, त्यांच्यासाठी 23 जूनला फेरपरीक्षा ठेवावी लागली, पेपरफुटीचा माग पाटणा-हजारीबागपर्यंत गेला, आपल्या लातूरचेही नाव त्यात आले. एवढे होऊनसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने 23 जुलैला संपूर्ण परीक्षा रद्द करायला नकार दिला, कारण सगळ्या परीक्षेलाच कीड लागल्याचे दाखवणारा पुरावा समोर नव्हता.

अमेरिकेतही हे घडते. 2018 मध्ये फ्लोरिडातल्या एका मुलीचे सॅट या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेतले गुण 900 वरून 1230 झाले आणि निकाल अडवला गेला. त्यावर तिथे मोठा गदारोळ झाला. तेव्हा परीक्षा घेणाऱ्यांनी जाहीरपणे सांगितले की नुसत्या वाढीवरून आम्ही निकाल रद्द करत नाही, तिची उत्तरे इतर परीक्षार्थींच्या उत्तरांशी फार जुळतात म्हणून शंका आहे. ते पटो न पटो, निदान वाद घालायला एक मुद्दा तरी हाती होता. त्याआधी 1982 मध्ये लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमधल्या 14 मुलांच्या कॅल्क्युलसच्या निकालावर असाच संशय घेतला गेला. त्यांना पुन्हा परीक्षेची संधी मिळाली. 12 जण बसले आणि सगळे पास झाले.

आपण मात्र पुरावाही दाखवत नाही आणि संधीही देत नाही. माझ्या मुलाची उत्तरे कोणाशी जुळली? कुठला प्रश्न त्याने किती सेकंदांत सोडवला? आपले ॲप प्रत्येक क्लिकची वेळ टिपते, निकालाखाली ‘टाइम ॲनालिसिस’ म्हणून आपणच ती दाखवता. अवघड गणिते त्याने पाच-पाच सेकंदांत बरोबर सोडवलेली आढळली तर मला दाखवा, मी गप्प बसेन. शिवाय त्याला जायचे आहे वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला, कॉम्प्युटर ब्रँचला. तिथे 138 च्या बरेच पुढे जावे लागेल, असे आपलेच सर सांगतात. कॉपीच करायची तर एवढ्यावर का थांबेल?

मी हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिते. पोत्याच्या वजनात फरक आला तर आमच्याकडे कोणी शेतकऱ्याला चोर म्हणत नाही. पोते दोघांच्या समोर पुन्हा काट्यावर चढवतात. मीही तेवढेच मागते आहे. आपल्या शाखेत, आपल्या संगणकावर, आपला माणूस समोर उभा करून त्याला नवा पेपर द्या. दोन-चार गुण इकडेतिकडे होतील, ते कोणाचेही होतात. त्यावरून ठरवा, आणि तो खरा ठरला तर सवलतही द्या.

पण खाते आजच उघडा. पीसीएमची सीईटी 19 एप्रिलपासून आहे. राहिलेले मॉक आणि लेक्चरची रेकॉर्डिंग त्या खात्यात अडकली आहेत. पैसे भरलेली सेवा ऐन गरजेच्या महिन्यात बंद ठेवायला चौकशीचे कारण चालणार नाही, कारण चौकशी झालेलीच नाही.

ग्रुपवरची यादी काढून टाका आणि ‘या विद्यार्थ्याविरुद्ध कोणताही गैरप्रकार सिद्ध झालेला नाही’ असा खुलासा शाखेच्या नावाने त्याच ग्रुपवर टाका. मला फोन करून दिलगिरी व्यक्त केलेली पुरणार नाही, नाव चारचौघांत गेले होते. बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या रात्री त्याने मला विचारले, “आई, सीईटीत जास्त पडले तर तिथंपण असंच करतील का?” मी त्याला झोप म्हटले. तो झोपला नाही.

4 एप्रिलपर्यंत लेखी उत्तर यावे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवून मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करेन. आपल्या प्रवेश अर्जावर दुसऱ्या शहराचे न्यायक्षेत्र छापले आहे, ते मी वाचले आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते.

आपली,
विद्यार्थ्याची आई
(नाव व नोंदणी क्रमांक पावतीच्या प्रतीवर)

सोबत: फीची पावती, ऑगस्ट व जानेवारीच्या मॉकचे निकाल, पोर्शनचे वेळापत्रक, आपल्याकडून आलेले मेल, व्हॉट्सॲप ग्रुपवरील यादीचा स्क्रीनशॉट, फ्लेक्सचा फोटो.